बिल घेतलंस का?

आधीच सांगून टाकते: माझ्या काकांचं सोनगीरला भांड्यांचं दुकान आहे. तांब्या-पितळेचं. म्हणजे पुढे मी ग्राहकाच्या बाजूनं तावातावानं बोलायला लागले की तुम्ही म्हणायला नको, 'हिला काय माहीत दुकानदाराचं दुखणं?' मला माहीत आहे. दहावीपर्यंतचा माझा निम्मा अभ्यास गल्ल्याच्या मागे बसून झालाय.

सोनगीर तुम्ही पाहिलं नसेल, पण ओलांडलं नक्की असेल. धुळ्याहून शिरपूरकडे निघालात की मुंबई-आग्रा हायवेवर वीसेक किलोमीटरवर टेकडीवरचा किल्ला दिसतो, तेच आमचं गाव. ओळख भांड्यांची. घागर, हंडा, परात, समई, अंघोळीचा बंब. पूर्वी लग्न ठरलं की वऱ्हाडाच्या आधी भांड्यांची खरेदी, आणि त्यासाठी सोनगीर. मग स्टील आलं, प्लॅस्टिक आलं, ठोक्यांचे आवाज कमी झाले. आता 'तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्या'च्या लाटेत हायवेवरच्या गाड्या पुन्हा थांबायला लागल्यात.

इथं भांडं वजनावर विकतात. काट्यावर ठेवायचं, त्या दिवसाच्या भावानं गुणायचं, घडणावळ धरायची, कुणी जुनी मोड आणली असेल तर ती वजा करायची. हा सगळा हिशेब काका एका चिठ्ठीवर करतात आणि ती चिठ्ठी तिथंच राहते. कुणी बिल मागितलंच तर काकांचं ठरलेलं वाक्य आहे, "बिल पाहिजे व्हई ते टॅक्स लागी, ताई." ताई हसतात, बिल नको म्हणतात, परात घेऊन निघतात. दोघंही खूश.

मीही खूश होते. यंदा इंटर्नशिपला लागले आणि 24 डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनासाठी 'एक छोटी चौकट कर' असं सांगण्यात आलं, तोवर. चौकटीसाठी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा उघडला. त्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणजे काय याची लांब यादी आहे. खोटी जाहिरात, बनावट सवलत वगैरे अपेक्षित होतंच. पण त्याच यादीत हेही आहे: विकलेल्या वस्तूचं किंवा दिलेल्या सेवेचं बिल न देणं. म्हणजे भांडं चांगलं असो, वजन चोख असो, भाव रास्त असो, तरी बिल दिलं नाही ही तेवढीच गोष्ट चूक ठरते. माझे काका, ज्यांच्या काट्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते, ते दिवसातून पंधरा वेळा ही प्रथा पाळतात.

मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आबास्ना टाइमपाईन तोंडी येव्हार शे." चौकट मी लिहून दिली. विषय संपला असं वाटलं.

संपला नाही, कारण माझी एक मैत्रीण. गावातलीच, माझ्याबरोबर रोज एसटीच्या पासवर धुळ्याला कॉलेजला यायची. नाव सांगत नाही, तिचं प्रकरण अजून चालू आहे. पदवीनंतर तिनं स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासला प्रवेश घेतला. क्लास मोठ्या शहरातला, त्याचंही नाव राहू द्या. फी 42 हजार, दोन हप्त्यांत. वडिलांनी कापूस विकून आलेले पैसे सरळ यूपीआयनं पाठवले. जाहिरातीत होतं: रोज चार तास प्रत्यक्ष वर्ग, दर रविवारी टेस्ट, वैयक्तिक मार्गदर्शन. सहा आठवडे तसं चाललंही. मग एक दिवस ग्रुपवर मेसेज आला की 'तांत्रिक कारणास्तव' बॅच ऑनलाइन होत आहे. ऑनलाइन म्हणजे काय, तर गेल्या वर्षीची रेकॉर्ड केलेली लेक्चरं. त्यात सर मधेच फळ्याकडे वळून 'मागच्या बाकावरच्यांनो' असं ओरडतात. त्या बाकावरचे लोक एव्हाना कुठे पोस्टिंगवर असतील देव जाणे.

तिनं उरलेली फी परत मागितली. उत्तर म्हणून क्लासनं तिला तिच्याच पावतीचा फोटो पाठवला. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती आणि तिच्याभोवती लाल गोल: एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. नंतर तिला ग्रुपमधून काढण्यात आलं.

वडील म्हणाले, "जाऊ दे बेटा, सोडी दे. कोर्टकचेरीना नाद वाईट शे."

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? इन्स्टावर स्टोरी टाकली असती, क्लासला टॅग केलं असतं, गुगलवर एक स्टार दिला असता. तिनंही तेच केलं. मग ती माझ्याकडे आली, कारण माझ्या नावानं पेपरात चौकट छापून आली होती आणि तिच्या मते मी आता ग्राहक कायद्यातली तज्ज्ञ होते. मी तज्ज्ञ नव्हते. पण आम्ही दोघींनी मिळून जे शोधलं, ते तुम्हाला सांगण्यासारखं आहे.

पहिला घोळ आमचा असा झाला की 'ग्राहकांसाठीचं सरकारी ऑफिस' असं एकच काहीतरी असेल, असं आम्हाला वाटत होतं. तसं नाहीये. वेगवेगळी दारं आहेत आणि प्रत्येक दाराआड वेगळं काम चालतं.

सगळ्यात सोपं दार म्हणजे 1915. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सकाळी 8 ते रात्री 8, मराठीसह 17 भाषांत. तुमची तक्रार नोंदवून घेतात, नंबर देतात, समोरच्या कंपनीकडे पाठवतात आणि तडजोड होते का बघतात. हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नाही. पण 'सरकारी हेल्पलाइनकडून विचारणा' या गोष्टीनंच अनेकांचे पैसे परत येतात. 2025 च्या फेब्रुवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जाहीर केलं की हेल्पलाइनमार्फत 600 हून जास्त विद्यार्थ्यांना कोचिंग क्लासकडून 1 कोटी 56 लाख रुपये परत मिळवून दिले. हा आकडा मी मैत्रिणीला वाचून दाखवला तेव्हा ती आठवड्यात पहिल्यांदा हसली. "म्हणजे मी एकटी मूर्ख नाहीये," म्हणाली.

दुसरं दार दिल्लीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, पेपरात ज्याला सीसीपीए म्हणतात ते. 2020 च्या जुलैमध्ये स्थापन झालं. फसव्या जाहिराती, सुरक्षित नसलेल्या वस्तू, एकाच वेळी हजारो लोकांना बसणारा फटका हे त्याचं काम. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ते 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. जाहिरात करणारा सेलिब्रिटी किंवा तुमचा आवडता इन्फ्लुएन्सरही त्यातून सुटत नाही. पण लक्षात घ्या, तुमचे वैयक्तिक 42 हजार भरून देणं हे त्याचं मुख्य काम नव्हे.

याच प्राधिकरणाचं एक प्रकरण मी काकांनाही सांगितलं, कारण ते भांड्यांचं होतं. प्रेशर कुकरला 2021 च्या फेब्रुवारीपासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तरीही ऑनलाइन साइटवर बिनमार्कचे कुकर विकले जात होते. 2022 मध्ये प्राधिकरणानं अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोघांनाही प्रत्येकी 1 लाखाचा दंड ठोकला. अॅमेझॉनवरून असे 2,265 कुकर विकले गेले होते, फ्लिपकार्टवरून 598. ज्यांनी घेतले त्या सगळ्यांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, असा आदेश. 'आम्ही फक्त जागा देतो, विकणारा दुसराच असतो' हा बचाव चालला नाही. काका लगेच म्हणाले, "बघ, ऑनलाइनवाले." मी म्हटलं, काका, त्यांनी निदान बिल तरी दिलं होतं, म्हणूनच कुणाला किती कुकर गेले हे कळलं. काका गप्प.

क्लासवाल्यांनाही प्राधिकरणानं सोडलेलं नाही. 13 नोव्हेंबर 2024 ला कोचिंगच्या जाहिरातींसाठी खास मार्गदर्शक सूचना निघाल्या. होर्डिंगवर हार घातलेल्या टॉपर्सच्या फोटोंची रांग तुम्ही पाहिली असेल. त्यातल्या कित्येकांनी त्या क्लासचा फक्त मुलाखतीचा, तोही मोफत, कोर्स केलेला असायचा. आता निवड झाल्यानंतर त्या विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचा फोटो वापरता येत नाही, आणि त्यानं नेमका कोणता कोर्स केला होता तेही तिथंच दाखवावं लागतं. पुढच्या वेळी होर्डिंगखाली थांबून ती बारीक अक्षरं शोधा. मला तरी अजून दुर्बिणीशिवाय दिसलेली नाहीत.

आणि मग तिसरं दार. हे मात्र दिल्लीत नाही, मुंबईतही नाही. ते प्रत्येक जिल्ह्यात आहे, धुळ्यात आहे, जळगावात आहे: जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. आईबाबांच्या पिढीला विचाराल तर ते 'ग्राहक मंच' म्हणतील. 1986 च्या कायद्यानं तो सुरू झाला, 2020 मध्ये नवा कायदा लागू झाला तेव्हा मंचाचा आयोग झाला. (1986 चा तो कायदा काही आकाशातून पडला नाही. पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. ग्राहकाला संघटना असू शकते हेच तेव्हा लोकांना नवीन होतं.)

या आयोगाला खरे दात आहेत. फी परत द्या, वस्तू बदलून द्या, झालेल्या त्रासाची भरपाई द्या असा आदेश तो देतो. न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 25 हजारांचा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मैत्रिणीनं 1915 ला फोन केला. काही दिवसांनी क्लासकडून फोन आला: 12 हजार देतो, 'माझी कोणतीही तक्रार नाही' असं लिहून द्या. सहा आठवड्यांच्या प्रत्यक्ष वर्गाचे पैसे कापून घ्या असं ती स्वतःच म्हणत होती, पण 42 मधून 12? तिनं नाही म्हटलं. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. वडिलांच्या दृष्टीनं 12 हजार हातात होते आणि पोरीनं ते लाथाडले होते.

मग आम्ही जिल्हा आयोगाचं बघायला लागलो आणि एकेक भीती गळून पडली. पहिली भीती, क्लास त्या शहरातला, आपल्याला तिकडे खेटे घालावे लागतील. जुन्या कायद्यात साधारण तसंच होतं, समोरचा जिथला किंवा व्यवहार जिथं झाला तिथं जावं लागे. आता तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे त्यांनी धुळ्याला यायचं. ही एक ओळ तिनं वडिलांना तीनदा वाचून दाखवली.

दुसरी भीती खर्चाची. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. 5 ते 10 लाखांना 200 रुपये. 50 लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्हा आयोगातच चालतं. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, तुम्ही स्वतः उभं राहून बोलू शकता. तक्रार ऑनलाइन भरता येते; आधी ई-दाखिल होतं, 2025 पासून ई-जागृती पोर्टल आलंय. सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहण्याची परवानगीही मागता येते. मुदत मात्र पाठ करून ठेवा: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

तिसरी भीती सगळ्यात मोठी होती. 'शिक्षण ही सेवाच नाही, तिथं ग्राहक कायदा लागत नाही' असं कुणीतरी तिला ठामपणे सांगितलं होतं. हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं फार त्रास देतं. शिक्षण संस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. म्हणजे कॉलेजच्या फीचं भांडण इथं घेऊन जाल तर बहुधा परत पाठवतील. त्यासाठी विद्यापीठ आणि यूजीसीच्या तक्रार यंत्रणा आहेत. पण 20 जानेवारी 2020 ला राष्ट्रीय ग्राहक आयोगानं याच वादावर मोठा निकाल दिला, त्यात कोचिंग क्लासना वेगळं काढलं. ते शिक्षण संस्था नव्हेत, त्यांचा व्यवहार ग्राहक कायद्याखाली येतो. त्या रात्री आम्ही मॅगी करून सेलिब्रेट केलं.

आता पुरावा काढायला बसलो आणि सेलिब्रेशन तिथंच संपलं. तिच्याकडे काय होतं? पहिल्या हप्त्याची पावती होती, तीसुद्धा क्लासनंच लाल गोल करून पाठवली म्हणून. दुसऱ्या हप्त्याची पावती नव्हतीच. "जीपे केलंय की," ती म्हणाली. आपण सगळे असंच म्हणतो. पण नीट बघा त्या स्क्रीनशॉटकडे. पैसे गेले हे त्यात दिसतं, कुणाला गेले हेही दिसतं. कशासाठी गेले हे कुठे दिसतं? तिच्या दुसऱ्या हप्त्याचे पैसे क्लासच्या नावावर नाही, कुठल्यातरी माणसाच्या वैयक्तिक नंबरवर गेले होते. शेरा रिकामा. जाहिरात इन्स्टाच्या स्टोरीत होती, ती चोवीस तासांत उडालेली. ग्रुपमधून काढल्यावर जुने मेसेज फोनमध्ये शिल्लक होते हे नशीब, कारण तिला चॅट डिलीट करायचा आळस आहे.

शेवटी बॅचमधल्या एकीनं माहितीपत्रकाचा पीडीएफ पाठवला, त्यात 'रोज चार तास प्रत्यक्ष वर्ग' काळ्यावर पांढऱ्यात होतं. दुसऱ्या हप्त्याच्या आदल्या दिवशीचा 'सर, हप्ता याच नंबरवर टाकू ना?' आणि त्याला आलेला अंगठा सापडला. तो अंगठा आता सरकारी कागदपत्रांत आहे. तक्रार दाखल झाली.

पुढचं रुक्ष आहे, पण माहीत असावं. आयोग आधी तक्रार दाखल करून घ्यायची की नाही ते ठरवतो, साधारण 21 दिवसांत. मग समोरच्याला नोटीस. उत्तराला 30 दिवस, फार तर आणखी 15. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं की 45 दिवसांच्या पुढे मुदत वाढवायचा अधिकारच आयोगाला नाही. दोघांची तयारी असेल तर मध्यस्थीनं मिटवायची सोय आहे. कायदा म्हणतो, नोटीस मिळाल्यापासून शक्यतो 3 महिन्यांत निकाल लागावा, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागणार असेल तर 5 महिन्यांत.

'शक्यतो' या शब्दाखाली रेघ मारा. देशभर ग्राहक आयोगांतली रिकामी पदं इतकी झाली की 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. अध्यक्ष किंवा सदस्य नसले की तारखा पुढे जातात. आणि आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असंही नाही. खान्देशात हे कुणाला सांगायला नको. इथल्या पतसंस्था बुडाल्या तेव्हा कितीतरी ठेवीदार ग्राहक मंचाच्या पायऱ्या चढले, जिंकले, आणि वसुलीसाठी पुन्हा चढत राहिले. तुमच्या घरात नाही तर शेजारच्या घरात तरी अशी एक फाइल असेलच. मला हे लपवून तुम्हाला फक्त '1915 डायल करा' म्हणायचं नाही.

तरीही या दारानं आपल्या भागात मोठी कामं केली आहेत. मैत्रिणीच्या वडिलांचं मन वळलं ते क्लासमुळे नाही, बियाण्यामुळे. शेतकरी 'ग्राहक' आहे का, असा वाद बियाणं कंपन्या वर्षानुवर्षं घालत होत्या. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात तो संपवला: आहे. कंपन्यांचा लाडका मुद्दा असायचा की बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही. न्यायालय म्हणालं, शेतकरी आणलेलं सगळं बियाणं पेरतो, पुढे भांडण होईल म्हणून मूठभर राखून ठेवेल अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. हे ऐकून काकांच्या ओट्यावर बसलेले तिचे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण पावती ते ठेवनी पडी ना?" हो. पावती, पिशवी, पिशवीवरचं लेबल. तिघंही.

अजून एक, रोजचं. स्टँडवर 20 ची पाण्याची बाटली 25 ला देतात, वर 'गार करायचे पाच' म्हणतात. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेणं दुकानदाराला चालत नाही. तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे. काकांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी जो शिक्का बसतो तो याच खात्याचा. पण हॉटेलात टेबलावर बसून तीच बाटली घेतलीत तर गोष्ट वेगळी: 2017 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की तिथं तुम्ही नुसतं पाणी घेत नाही, बसायची जागा आणि सेवाही घेता, त्यामुळे हॉटेल जास्त घेऊ शकतं. ढाब्यावर भांडायच्या आधी हे लक्षात असू द्या. मी नव्हतं ठेवलं, फजिती झाली.

आणि तुमच्या फोनमधलं: 'फक्त 2 उरले, 10 मिनिटांत संपेल' असा खोटा काउंटर, न विचारता कार्टमध्ये घुसवलेली 'देणगी', सुरू करायला एक क्लिक आणि बंद करायला सात पानं लागणारं सबस्क्रिप्शन. 30 नोव्हेंबर 2023 पासून अशा 13 युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणून बंदी आहे. दिसलं की स्क्रीनशॉट काढा. तारीख दिसेल असा.

आता काकांचं राहिलं.

दिवाळीच्या आधी त्यांनी भांडी चमकवायला पॉलिशची मोटर घेतली. ती तेच चालवतात, कधी माझा चुलतभाऊ. दोन महिन्यांत जळाली. विकणाऱ्यानं सांगितलं, "व्होल्टेजमुळे झालं, वॉरंटीत बसत नाही." एका संध्याकाळी काकांनी मला हाक मारली आणि इकडंतिकडं बघत, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल विचारतायत असं, विचारलं, "बेटा, दुकानदार माणूस गिऱ्हाईक व्हस का?"

होतो की. धंद्यात पुन्हा विकायला माल घेतला तर नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवायला यंत्र घेतलं तर होतो. 1995 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं लेथ मशीन स्वतः चालवून पोट भरणाऱ्याचं उदाहरणच दिलंय, आणि घरातल्या कुणी किंवा एखाद्या मदतनिसानं हात लावला म्हणून फरक पडत नाही असंही सांगितलंय. मी हे सगळं भराभरा सांगितलं. काकांचा चेहरा खुलला. त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद घेतला, आयोगाचं नाव लिहून घेतलं. मग मी म्हटलं, "बिल द्या."

काका पेनाचं टोपण उघडत-लावत बसले.

"कच्चं आहे," शेवटी म्हणाले. "टॅक्स वाचत होता."

चिठ्ठी शोधली. गल्ल्यात, देवाच्या फोटोमागे, पंचांगात. सापडली, पण तिच्यावर दुकानाचं नाव नाही, तारीख नाही, नुसता आकडा आणि खाली एक रेघ. हुबेहूब काकांच्या स्वतःच्या चिठ्ठ्यांसारखी. आम्ही मोटरवरचा सिरियल नंबर, पैसे ट्रान्सफर केल्याची नोंद आणि 'आज माल पाठवतो' हा त्या माणसाचा मेसेज गोळा केलाय. बघू.

मैत्रिणीच्या प्रकरणात क्लासचं लेखी उत्तर 43 व्या दिवशी आलं. पुढची तारीख येत्या महिन्यात आहे. वडील म्हणतात, "मीही येस." त्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं निघणार आहोत.

आणि गेल्या रविवारी दुकानात गेले तर गल्ल्याशेजारी नवंकोरं बिलबुक. एक बाई समईचे पैसे देत होत्या, काका मान खाली घालून लिहीत होते. लिहून झालं, त्यांनी पान टरकावलं, बाईंना दिलं, आणि खालची प्रत बघितली. कोरी. कार्बन उलटा लावला होता.

"थांबा ताई," काका म्हणाले, "दुसरं करी देस."